काट्यावरची पावती कुठे अडकते? लॉगमधून शोधण्याची रीत

रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या जळगावच्या एका छोट्या टीमने विचारलं आहे: "वजनकाट्याची पावती, गाडी भरणी आणि शेतकऱ्याचा हिशोब आमच्या सॉफ्टवेअरवर चालतो. क्लाउडवर तीन सर्व्हर आहेत, तीसेक काट्यांवर विंडोजचे संगणक आहेत. कापणी जोरात असली की संध्याकाळी सहा ते नऊ 'पावती निघत नाही' असे फोन येतात. मग एकेका सर्व्हरवर शिरून ग्रेप (फाइलीत शब्द शोधायची आज्ञा) करत बसतो. लॉग बघायला किबाना बसवून पाहिलं तर चार जीबीचा सर्व्हरच बसला. ओपन सोर्समधलं काय वापरावं आणि डॅशबोर्डवर नेमकं काय लावावं?"

तुमच्या आकाराच्या कामाला माझं उत्तर असं: समोर आलेख दाखवायला ग्राफाना, त्यामागे लॉग, म्हणजे प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदींच्या ओळी, साठवायला लोकी आणि प्रत्येक संगणकावर लॉग उचलून पाठवायला अलॉय. हे तिन्ही एका दिवसात बसतं. खरं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं आहे. आधीचं म्हणजे प्रोग्राम लॉगच्या ओळीत काय लिहितो ते सुधारणं, कारण ओळीत जे नाही ते कुठल्याही आलेखात येणार नाही. नंतरचं म्हणजे पॅनेल (डॅशबोर्डवरचा एकेक चौकोन) काढायची घाई न करता काही दिवस नुसतं शोधत राहणं. एकच प्रश्न तुम्ही पुन्हा पुन्हा विचारताय असं दिसलं की त्याचं पॅनेल करा. उलट्या क्रमाने गेलं की तीस-चाळीस पॅनेलचा रंगीत पडदा तयार होतो आणि फोन आला की माणूस परत ग्रेपकडे वळतो.

किबानाने सर्व्हर का बसला, ते आधी समजून घ्या. किबाना हा फक्त चेहरा आहे, वजन त्यामागच्या इलॅस्टिकसर्चचं आहे. तो येणाऱ्या प्रत्येक ओळीतला शब्द न शब्द इंडेक्समध्ये, म्हणजे शब्दसूचीत, घालतो, म्हणूनच शोध विलक्षण वेगाने होतो. पण तो जावावर चालतो आणि साधारण निम्मी मेमरी त्याच्या हीपला (जावाच्या कामाच्या जागेला), उरलेली फाइल कॅशला अशी त्याची अपेक्षा असते. लॉग गोळा करून देणारा लॉगस्टॅशही बसवला असेल तर तोही जावाच. चार जीबीत हे दोन्ही आणि वर किबाना, हे जमणार नाही. त्यात चूक कोणाची नाही, जागाच कमी आहे.

लोकीचा विचार वेगळा आहे. जळगावच्या डाळ मिलच्या गोदामात पोत्याला चिठ्ठी असते: माल कोणता, आला कुठून, कधीचा. दाणे कोणी मोजून लिहीत नाही, चिठ्ठी बघून पोतं काढायचं आणि मग आत बघायचं. लोकी तेवढ्या चिठ्ठ्यांचाच, म्हणजे लेबलांचाच इंडेक्स ठेवतो आणि मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून) बाजूला ठेवून देतो. शब्द शोधायची वेळ आली की ठरलेल्या वेळेची, ठरलेल्या लेबलांची पोती उघडून वाचतो. त्यामुळे साठवण स्वस्त पडते, पण सहा महिन्यांच्या सगळ्या लॉगमध्ये एक शब्द शोधा म्हटलं तर तो घाम गाळतो. "आज सात ते आठ, सावद्याचा काटा, काय झालं?" हा तुमचा रोजचा प्रश्न त्याला अगदी सोयीचा आहे. चार जीबीच्या वेगळ्या सर्व्हरवर ग्राफाना आणि लोकी दोन्ही तुमच्या लॉगसाठी आरामात नांदतील. वेगळ्या म्हणजे खरंच वेगळ्या. ज्या सर्व्हरचा आजार शोधायचा त्याच्यावरच हे ठेवलं तर तो पडल्यावर हेही पडणार. आणि तो ऑफिसातल्या कपाटाजवळ ठेवू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, वीज जाते, एसी बंद पडतो. क्लाउडवरच ठेवा.

या साधनांचा थोडा इतिहास निवडीला उपयोगी पडतो. टॉर्केल ओडेगार्ड यांनी किबाना ३ च्या कोडवरूनच वेगळा फाटा (फोर्क) काढून ग्राफाना सुरू केलं आणि २०१४ च्या जानेवारीत ते बाहेर आणलं. त्यांना आकड्यांचे आलेख हवे होते, किबानाचा जीव मजकुराच्या शोधात होता. हा स्वभावातला फरक आजही जाणवतो. लोकी २०१८ च्या डिसेंबरात आला. २०२१ च्या जानेवारीत इलॅस्टिकसर्च आणि किबानाच्या इलॅस्टिक कंपनीने आपलं अपाचे हे ओपन सोर्स लायसन्स सोडायचं जाहीर केलं, त्यावर ॲमेझॉनने जुन्या आवृत्तीवरून ओपनसर्च आणि ओपनसर्च डॅशबोर्ड्स हा वेगळा फाटा काढला. २०२४ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला आणि त्याच वर्षी इलॅस्टिकनेही एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला. ग्राफाना आणि लोकी २०२१ पासून एजीपीएलवर आहेत. तुम्ही ते जसंच्या तसं बसवून वापरत असाल तर त्याने काहीच अडत नाही. त्याच्या कोडमध्ये बदल करून ती सेवा व्यापाऱ्यांना नेटवर्कवरून दिलीत, तर बदललेला कोड त्यांना उपलब्ध करून द्यावा लागेल, एवढं लक्षात असू द्या.

एक इशारा: जुन्या व्हिडिओंमध्ये लॉग पाठवायला प्रॉमटेल बसवायला सांगतात. त्याची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली. नवीन काम अलॉयवर करा. तो विंडोजवरही चालतो, साध्या फाइली वाचतो आणि विंडोजचा इव्हेंट लॉगही उचलतो. काट्यावरच्या संगणकाला तो हवाच.

आता ओळीकडे येऊ. तुमच्या प्रोग्रामने "एरर आला" एवढंच लिहिलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. प्रत्येक ओळ जेसनमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीला नाव देणाऱ्या ठरावीक रचनेत, लिहा आणि तिच्यात निदान एवढं असू द्या: वेळ, पातळी, काट्याचा कोड, पावती क्रमांक, काम कोणतं, किती मिलिसेकंद लागले आणि एक विनंती क्रमांक. हा विनंती क्रमांक काट्यावरच्या संगणकात जन्मावा आणि तोच वेब सर्व्हर, प्रोग्राम आणि शक्य तिथे डेटाबेसच्या ओळीपर्यंत जावा. मग एका पावतीचा सगळा प्रवास एका शोधात समोर येतो. शेतकऱ्याचं नाव, बँक खातं, आधार, मोबाइल नंबर मात्र लॉगमध्ये नको. पावती क्रमांक आहे ना, नाव हवं असेल तर मूळ सॉफ्टवेअरमध्ये बघता येतं. चुकून येत असतील तर अलॉयच्या टप्प्यावरच ते पुसून पाठवा, लोकीत गेल्यावर काढणं जिकिरीचं होतं.

वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर त्याच्या नेहमीच्या लॉगमध्ये लागलेला वेळ येतच नाही. दोन आकडे मुद्दाम घालावे लागतात. पहिला रिक्वेस्ट टाइम: काट्याकडून पहिला बाइट आल्यापासून उत्तर पाठवून होईपर्यंतचा. दुसरा अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम: त्यातला तुमच्या प्रोग्रामने खाल्लेला. दोन्ही मोठे असतील तर दुखणं तुमच्या प्रोग्राममध्ये किंवा डेटाबेसमध्ये आहे. पहिला मोठा आणि दुसरा छोटा असेल तर सर्व्हर निर्दोष आहे, वेळ रस्त्यात गेला. शेतातल्या काट्यावर मोबाइल डेटावर चालणाऱ्या तुमच्यासारख्या कामात या दोन आकड्यांतला फरक मला बाकी सगळ्या आलेखांपेक्षा मोलाचा वाटतो. फक्त त्याची एक मर्यादा माहीत असू द्या. काट्यावरून गाडीचा फोटो वर चढवायला वेळ लागला तर तो पहिल्या आकड्यात नीट दिसतो. पण उत्तरात फक्त छोटी पावती असेल तर ती सर्व्हरच्या बफरमध्ये (पाठवण्याआधीच्या तात्पुरत्या जागेत) मावते, एनजिनएक्सच्या लेखी ती पाठवून झाली, आणि ती काट्यावर पोहोचायला लागलेले दहा सेकंद या आकड्यात येत नाहीत. म्हणून काट्यावरच्या प्रोग्रामनेही "बटण दाबल्यापासून प्रिंटरला पाठवेपर्यंत" एवढा वेळ स्वतःच्या लॉगमध्ये लिहावा. वापरणाऱ्याला जो वेळ जाणवतो तो तिथलाच.

वेळेचा विषय निघालाय तर तो पुरता संपवू, कारण लॉगची निम्मी डोकेदुखी घड्याळाची असते. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, काट्याचं आपल्या वेळेवर, मध्ये साडेपाच तास. प्रोग्रामने "१९:००" एवढंच लिहिलं, शेवटी अधिक साडेपाच लिहिलं नाही आणि अलॉयला टाइमझोनही सांगितला नाही, तर ती यूटीसीची वेळ धरली जाते, म्हणजे आपल्या हिशोबाने उद्याची रात्री साडेबारा. भविष्यातली ओळ लोकी घेत नाही. मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांपर्यंतच्या पुढच्या वेळेला तो चालवून घेतो, त्यापुढची ओळ नाकारतो. लोक म्हणतात, डॅशबोर्ड रिकामा का? ओळी येतात, पण दारातूनच परत जातात. म्हणून वेळ लिहिताना ऑफसेट नेहमी सोबत लिहा.

आपल्याकडे याहून वेगळीही एक गोष्ट होते. काट्यावरचा संगणक जुना, मदरबोर्डवरचा सेल संपलेला. वीज गेली, परत आली, संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे. घड्याळ जुळेपर्यंत हे असंच राहतं. अशा संगणकाच्या ओळी लोकी "फार जुन्या" म्हणून टाकतो, मूळ सेटिंगमध्ये आठवड्याहून जुनं काही तो स्वीकारत नाही. आणि याहून महत्त्वाचं: तारीख चुकलेल्या संगणकाला तुमच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्रच वैध वाटत नाही, जोडणी होत नाही, पावती निघत नाही. अशा तक्रारींची एकही ओळ सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडणार नाही, कारण विनंती तिथवर पोहोचलेलीच नसते. त्यामुळे "सर्व्हरवर तर काहीच एरर नाही" हे उत्तर काट्यावरच्या माणसाला देण्याआधी त्याच्या संगणकाची तारीख विचारा.

वीज आणि नेट जाण्याचा आणखी एक परिणाम आहे. काटा चार तास तुटला आणि मग अलॉयने साचलेल्या ओळी एकदम पाठवल्या, तर लोकी त्या घेईल का? हे लेबलांवर ठरतं. लेबलांची प्रत्येक वेगळी जोडी म्हणजे एक वेगळा प्रवाह. एकाच प्रवाहात नव्या ओळी आल्यानंतर मूळ सेटिंगमध्ये साधारण तासाभरापर्यंतच्या मागच्या ओळी चालतात, त्याहून मागच्या नाकारल्या जातात. सगळ्या काट्यांना एकच लेबल दिलं असेल तर बाकीच्या काट्यांच्या ताज्या ओळींमुळे तुटलेल्या काट्याच्या जुन्या ओळी मार खातात. प्रत्येक काट्याला स्वतःचं लेबल असेल तर त्याचा प्रवाह त्याच्यापुरता, चार तासांच्या ओळीही गुमान आत जातात. म्हणून काट्याचा कोड हे लेबल हवंच.

पण लेबल मिळालं म्हणून सुटू नका. तीस काटे, दोन सेवा, तीन पातळ्या मिळून एकशे ऐंशी प्रवाह झाले, काही अडचण नाही. पावती क्रमांक लेबल केला की हंगामात लाखो प्रवाह, प्रत्येकात दोन-चार ओळी, आणि इंडेक्स फुगून लोकी तुमच्या किबानासारखाच बसणार. नियम सोपा आहे: ज्याची वेगवेगळी मूल्यं बोटांवर किंवा फार तर एका पानावर मावतात ते लेबल. पावती क्रमांक, गाडी नंबर, आयपी पत्ता, विनंती क्रमांक हे ओळीतच राहू द्या. लोकी ३ पासून ते ओळीसोबत वेगळ्या माहितीच्या रूपाने जोडण्याचीही सोय आहे, ती वापरली तर शोध आणखी सुटसुटीत होतो.

हे जमलं की डॅशबोर्ड न काढता ग्राफानामधलं एक्सप्लोर उघडा. शोधण्याचा क्रम हातात बसवून घ्या: आधी वेळ आवळा, मग लेबल निवडा, मग ओळीतला शब्द, मग जेसन उलगडा आणि सर्वांत शेवटी आकड्याची अट. वेळ आणि लेबल यांवरून किती पोती उघडायची ते ठरतं, शब्दाची चाळण हलकी असते, जेसन उलगडणं जड असतं. उलटा क्रम लावला तरी उत्तर तेच येतं, पण तोवर चहा पिऊन होतो. शोधाच्या वर ओळींच्या संख्येचे उभे स्तंभ आपोआप येतात, ते बघायची सवय लावा. कित्येकदा मजकूर वाचायच्या आधीच तिथला अचानक उंचावलेला किंवा रिकामा भाग बोट दाखवतो. एखादी संशयास्पद ओळ सापडली की तिचा संदर्भ उघडा, म्हणजे त्याच प्रवाहातल्या तिच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी दिसतात. खरं कारण बहुतेक वेळा एररच्या ओळीत नसतं, तिच्या चार ओळी आधी असतं.

तुमच्या सहा ते नऊच्या तक्रारीला हे लावून बघू. पहिला प्रश्न एकच विचारा: याच वेळेत, काट्यागणिक, पाच-पाच मिनिटांना एररच्या ओळी किती? लोकीच्या क्वेरीत ठरावीक वेळेतल्या ओळी मोजून त्या लेबलानुसार वेगळ्या करता येतात, त्याचा आलेख तिथेच मिळतो. आता आलेखाकडे बघा. सगळ्या काट्यांच्या रेषा एकदम वर चढल्या तर दोष मध्यावर आहे, सर्व्हर किंवा डेटाबेस. यावलच्या बाजूचे चार-पाच काटेच चढले आणि रावेरचे शांत राहिले तर त्या भागातलं नेट तपासा. एकच रेषा चढली तर त्या एका काट्याचा प्रिंटर, केबल किंवा घड्याळ. तीन आकार, तीन वेगळे रस्ते, आणि हे ठरायला दोन मिनिटं लागतात. तीन सर्व्हरवर ग्रेप करून हे कधीच दिसलं नसतं, कारण ग्रेप ओळ दाखवतो, काटे शेजारी-शेजारी ठेवून दाखवत नाही.

समजा सगळे एकदम चढले. मग अपस्ट्रीमचा वेळ बघा, तोही चढला असेल तर डेटाबेसच्या लॉगकडे जा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्यात मंद क्वेरी लिहिण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते. अर्ध्या सेकंदाच्या वरच्या क्वेरी लिहायला लावा, कुलूप (लॉक) सुटण्याची वाट बघत थांबलेल्या क्वेरींचीही नोंद सुरू करा. मायएसक्यूएल असेल तर मंद क्वेरीची मूळ मर्यादा दहा सेकंद आहे, ती तुमच्या कामाला फारच सैल, एकावर आणा. धुळ्याकडच्या एका जिनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी अशीच संध्याकाळची तक्रार होती. एररच्या ओळी आणि डेटाबेसच्या मंद क्वेरी एकाखाली एक लावल्यावर दिसलं की दिवसभराच्या कापूस खरेदीचा हिशोब काढणारा एक अहवाल त्याच वेळेला चालतो आणि नोंदीच्या टेबलावर कुलूप घालून बसतो. अहवाल डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवर हलवला आणि तक्रार गेली. सर्व्हर मोठा घ्यायचा विचार चालला होता, तो पैसा वाचला. तुमच्याकडेही सहानंतर व्यापाऱ्यांचे मुनीम दिवसाचा हिशोब काढत असतील. आधी तिथेच बघा असं मी म्हणेन.

आता पॅनेल. तुमच्या पहिल्या डॅशबोर्डवर मी पाच ठेवीन, जास्त नाही.

सर्वांत वर, दर पाच मिनिटांना निघालेल्या पावत्या. एरर नाही, चांगल्या पावत्या. धंदा चालू आहे की नाही हे सांगणारी हीच रेषा. तिच्या मागे फिक्या रंगात गेल्या आठवड्याच्या याच वाराची रेषा लावा, क्वेरीत आठवडाभर मागे सरकायची सोय आहे. कालच्याशी तुलना करू नका. केळीची कापणी मागणीवर, बाजारावर, सणावर हलते, आणि काल बाजार बंद असेल तर आजचा दिवस उगाचच भयंकर दिसेल.

त्याखाली पावतीला लागणारा वेळ. इथे सरासरी लावायची नाही, याचा मी आग्रह धरतो. शंभर पावत्यांतल्या पंच्याण्णव ०.२ सेकंदात निघाल्या आणि पाच पावत्यांना वीस-वीस सेकंद लागले, तर सरासरी येते १.१९ सेकंद. त्या शंभरातल्या एकालाही तसा अनुभव आलेला नाही. पंच्याण्णव खूश आहेत आणि पाच जण फोन करताहेत. म्हणून पन्नासावं, पंच्याण्णवावं आणि नव्याण्णवावं शतमान अशा तीन रेषा काढा. पंच्याण्णवावं शतमान म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव पावत्या ज्या वेळेच्या आत निघाल्या ती वेळ. ओळीतला मिलिसेकंदाचा आकडा क्वेरीत बाहेर काढून लोकी हे मोजून देतो. पन्नासची रेषा सपाट आणि नव्याण्णवची उंच असेल तर काही थोड्यांचंच दुखणं आहे, तिन्ही चढल्या तर सगळ्यांचं.

तिसरं, काट्यागणिक एरर, वर सांगितलेलंच. चौथं पॅनेल बहुतेक लोक विसरतात: गप्प झालेले काटे. एरर लिहिणारा काटा दिसतो, पण बंद पडलेला काटा काहीच लिहीत नाही आणि रिकाम्या जागेचा आलेख होत नाही. म्हणून काट्यावरच्या प्रोग्रामने दर मिनिटाला "जिवंत आहे" अशी एक ओळ लिहावी आणि पॅनेलवर प्रत्येक काट्याची शेवटच्या पंधरा मिनिटांतली अशा ओळींची संख्या यावी. पूर्ण गप्प काटा या मोजणीत यादीतूनच गळून पडतो, शून्य म्हणून राहत नाही, हे ध्यानात ठेवा. काट्यांची पक्की यादी दुसरीकडून, तुमच्या डेटाबेसमधल्या काट्यांच्या टेबलातून घ्या आणि ग्राफानामध्येच दोन्ही जोडा. ग्राफाना पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलही वाचतो, त्याचा इथे खरा फायदा होतो.

पाचवं, अगदी तळाशी, कच्च्या ओळी. वर काट्याची निवड करायची एक यादी ठेवा, काटा निवडला की पाचही पॅनेल त्या काट्यापुरती होतात. एररच्या आलेखावर टिचकी मारली की त्याच वेळेचं, त्याच काट्याचं एक्सप्लोर उघडेल अशी लिंक द्या. आलेखावरून ओळीपर्यंत एका टिचकीत जाता आलं पाहिजे, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. आणि आपोआप ताजं होण्याचा वेळ पाच सेकंदांवर ठेवू नका. चोवीस तासांचा आलेख चार जणांच्या पडद्यावर दर पाच सेकंदांनी नव्याने मोजायला लावला तर लोकीला दुसरं काही करायला फुरसत उरत नाही. एक मिनिट पुरे.

अलर्ट मोजके ठेवा. ग्राफानातून ईमेल, टेलिग्राम दोन्हीवर संदेश जातो. सुरुवातीला दोनच लावा: पावत्यांची संख्या कामाच्या वेळेत अचानक शून्यावर येणं आणि पंच्याण्णवावं शतमान सलग दहा मिनिटं पाच सेकंदांच्या वर राहणं. काटा गप्प झाल्याचा अलर्ट लावायचा असेल तर त्याला कामाचे तास घाला, रात्री काटे बंदच असतात. दर वीज जाण्याला फोन वाजायला लागला की आठवड्यात तो ग्रुप म्यूट होतो आणि मग खरा अलर्टही कोणी बघत नाही.

सुरक्षेत ढिलाई नको. लोकीला स्वतःचं लॉगिन नसतं, ३१०० पोर्ट इंटरनेटला उघडा राहिला तर कोणीही तुमचे लॉग वाचू शकतो. त्याच्यापुढे पासवर्ड आणि प्रमाणपत्र तपासणारा एनजिनएक्स ठेवा किंवा काटे आणि सर्व्हर वायरगार्डसारख्या खाजगी जाळ्यातच जोडा. ग्राफानाचा मूळ ॲडमिन पासवर्ड पहिल्याच मिनिटाला बदला आणि आवृत्ती ताजी ठेवा. २०२१ च्या डिसेंबरात ग्राफाना ८ मध्ये असा दोष सापडला होता की लॉगिन न करता सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या. आणि २०२० मध्ये पासवर्डाशिवाय उघडे ठेवलेले हजारो इलॅस्टिकसर्च आणि मोंगोडीबी डेटाबेस कोणीतरी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने पुसून टाकले, जागी फक्त "म्याव" हा शब्द सोडला. तुमच्या आधीच्या प्रयोगातला इलॅस्टिकसर्चचा ९२०० पोर्ट अजून उघडा असेल तर आजच बंद करा.

लॉग किती दिवस ठेवायचे? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या सगळ्या प्रणालींचे लॉग मागचे १८० दिवस, भारताच्या अधिकारक्षेत्रात, जपून ठेवायचे आहेत आणि घड्याळं सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळलेली हवीत. म्हणून क्लाउडवरची जागा मुंबई किंवा भारतातल्या दुसऱ्या केंद्रातली घ्या. रोज दोन जीबी लॉग धरले तर १८० दिवसांचे ३६० जीबी होतात, पण मजकूर दाबल्यावर बराच आक्रसतो. तुमची एका दिवसाची फाइल जिझिप करून बघा, अंदाज लगेच येईल. एक गोष्ट मुद्दाम सांगतो: लोकी आपणहून काहीच पुसत नाही. मुदत संपलेले लॉग काढायचं काम त्याच्या कॉम्पॅक्टर नावाच्या भागात सुरू करावं लागतं, नाहीतर ऐन हंगामात डिस्क भरते.

किबाना किंवा ओपनसर्च डॅशबोर्ड्स कधी घ्यावं? तुमच्या मदत कक्षातल्या लोकांना महिन्यांच्या लॉगमध्ये कुठलाही शब्द, कुठल्याही क्रमाने, सतत शोधायचा असेल तर. तिथे लोकी मागे पडतो आणि शब्दांचा इंडेक्स हवाच. मग निदान आठ जीबीचा सर्व्हर त्याच्यासाठी राखून ठेवा आणि डिस्कवर लक्ष ठेवा. ती ९५ टक्के भरली की इंडेक्स नवीन ओळी घेणं आपोआप थांबवतात. व्हिक्टोरियालॉग्स नावाचं एकाच फाइलीत चालणारं हलकं साधनही आता ग्राफानाला जोडता येतं, लोकीच्या लेबलांची शिस्त जमत नसेल तर ते बघण्यासारखं आहे.

राहिला तुम्ही पुढे विचाराल असा प्रश्न: सर्व्हरवर पडलेल्या मागच्या हंगामाच्या जुन्या लॉगचं काय? ते लोकीत ओतायच्या भानगडीत पडू नका. आठवड्याची मर्यादा सैल करावी लागते, प्रवाहांचा क्रम सांभाळावा लागतो, आणि त्या ओळींत काट्याचा कोडही नाही. एनजिनएक्सच्या जुन्या फाइलींसाठी गोॲक्सेस चालवा. एका आज्ञेत तो पूर्ण अहवाल बनवून देतो, त्यात तासागणिक गर्दी दिसते, संध्याकाळचा भार किती चढतो ते कळेल. प्रोग्रामच्या फाइलींसाठी एलनॅव घ्या. तो वेगवेगळ्या फाइली वेळेच्या क्रमाने एकत्र गुंफून टर्मिनलमध्येच दाखवतो आणि दाबलेल्या फाइलीही वाचतो. दोन्हीला सर्व्हर लागत नाही, तुमच्या लॅपटॉपवर चालतात. बाकी फाइली दाबून, १८० दिवस होईपर्यंत, वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या.